साठ पावलांवरचं पाणी

खडकाळीत पाणी नाही, हे खडकाळीला ठाऊक होतं. राणीसावरगावच्या बाजाराला ठाऊक होतं. एसटीच्या कंडक्टरला तर इतकं पक्कं ठाऊक होतं, की खडकाळीचा फाटा आला की तो आधी स्वतःचा फिरकीचा तांब्या सीटखाली सरकवी आणि मगच दार उघडी. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला. कारण त्याचा अजून अभ्यास झालेला नव्हता.

त्र्याहत्तर सालच्या चैत्रात तो अभ्यासही यायचा ठरला. पंडित मास्तरनं ती खबर आणली. पंडित म्हणजे बौद्ध वस्तीतला पहिला नोकरदार, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, आणि धुरपताबाईचा सख्खा भाचा. पंचशील झेंड्याच्या कट्ट्यावर त्यानं सगळ्यांना जमवलं आणि वर्गात सांगतात तसं दोनदा सांगितलं.

"पुण्याहून सायेब यायलेत. अन्न, पाणी, झाडंझुडं, समद्याचा अभ्यास करणार हायेत. तीन गावं बगणार. ज्या गावाचे लय हाल, तितं बोरची मशीन यील आन हापसा बसंल. आन सायबाच्या कागदात आपल्या वस्तीचे हाल आले, तर हापसा हितंच, या कट्ट्याजवळ बसंल. म्हून काय लपवायचं न्हाई. खरं सांगायचं."

"खरं सांगायला काय लागतंय?" धुरपताबाई म्हणाली. "आपल्याकडं दुसरं हाय काय?"

लोक हसले. पण धुरपताबाई हसण्यावारी बोलत नव्हती. तिची सून सत्यशीला सात महिन्यांची गरोदर होती आणि रोज फटफटायच्या आत नदीच्या झिऱ्यावर जात होती. झिरा म्हणजे वाळूत कमरेइतका खड्डा. त्यात उतरून बसायचं, वाटी वाटी पाणी झिरपायची वाट बघायची आणि घागर भरली की ती डोक्यावर घेऊन चढ चढायचा. जाऊन येऊन दीड कोस. धुरपताबाईचे गुडघे गेलेले होते, नाहीतर तिनं सुनेला जाऊ दिलं नसतं. सून बाळंत व्हायच्या आत दारात हापसा यावा, एवढं एकच तिच्या मनानं घेतलं होतं.

आता कुणी म्हणेल, जवळ विहीर नव्हती का? होती की! धुरपताबाईच्या दारात उभं राहिलं तर दिसायची. दत्तराव पाटलांची विहीर. घडीव दगडांची, आणि त्या सालातही तळाला दोन पुरुष पाणी राखून असलेली. कायद्यानं ती सगळ्यांना खुली होती. पण कायदा परभणीला राहायचा, आणि विहिरीवर राहायचा पाटलांचा गडी सिताराम. वस्तीतल्या बायांनी काठापासून लांब घागरी मांडून बसायचं. वरच्या आळीचं सगळं पाणी भरून झालं, जनावरं पिऊन झाली आणि सितारामला फुरसत झाली, की तो वरून धार धरी. घरटी एक घागर. त्या साली तर दिवसाआड एक. झालीच तर.

धुरपताबाईनं वस्तीतल्या बायांना घरोघर जाऊन बजावलं. "सायेब आला की रांजण उघडा ठिवा. घागरी पालथ्या घाला. चुलीवर काय न्हाई तर न्हाई म्हना. लाजायचं न्हाई. आपन काय चोरी केली न्हाई."

*

साहेब आले त्या दिवशी धुरपताबाई सकाळपासून विहिरीजवळ घागर मांडून बसली होती, त्यामुळे वरच्या आळीतला सगळा तमाशा तिला आयता बघायला मिळाला.

साहेबांचं नाव रंगनाथ. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत, म्हणून पहिल्याच घरी एका म्हातारीनं त्यांना जीभ काढून दाखवली. ते औषधाचे नव्हे, अभ्यासाचे डॉक्टर आहेत हे समजावण्यात अर्धा तास गेला. त्यांच्याजवळ बेचाळीस प्रश्नांचा छापील कागद होता. सोबत दत्तराव पाटील होते, कारण त्यांच्या सोबतीशिवाय खडकाळीत पाऊससुद्धा पडत नसे, आणि बहुतेक म्हणूनच पडला नव्हता.

वरची आळी काही खाऊनपिऊन सुखी नव्हती. दोन-चार घरं सोडली तर तिथले शेतकरीही रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि रेशनवरच्या मिलोची लाल भाकरी खात. विहिरीचं पाणीही त्या साली त्यांना मोजूनच मिळे. पण परगावचा साहेब घरात येणार आणि त्याला रिकामा हंडा दिसणार? तोबा! त्यापेक्षा भुईनं पोटात घेतलेलं बरं. म्हणून बायांनी एक युक्ती काढली. आळीत एकच मोठा पितळी हंडा होता, चतुराबाईच्या माहेरचा. तो काठोकाठ भरून पहिल्या घरात मांडला. साहेब तिथून पुढच्या दारानं बाहेर पडले, की हंडा मागच्या दारानं निघून दुसऱ्या घरात साहेबांच्या आधी हजर. त्याच्यामागून एक ज्वारीचं पोतंही निघालं होतं, पण ते जड पडलं म्हणून सातव्या घरी थांबलं.

धुरपताबाई बसल्या जागेवरून मोजत होती. एकोणतीस घरं हंडा फिरला. सोळाव्या घराच्या उंबऱ्यावर चतुराबाई धापा टाकत टेकली.

"अगं, कामून जीव काढायलीस?" धुरपताबाईनं लांबूनच विचारलं. "पानी न्हाई म्हनून सांग की. सायेब त्याच्यासाटीच आलाय."

"सांगायला काय, तुला सोपं हाय," चतुराबाई पदरानं मान पुसत म्हणाली. "आमाला इज्जत हाय."

हे तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. खडकाळीत असं बोलायला मन वाईट असावं लागत नाही. धुरपताबाईला मात्र ते झोंबलं. तिनं मनात म्हटलं, फिरवा तुमची इज्जत घरोघर. आमच्या वस्तीत सायबाला खरं तेच दिसंल.

दुपारी दत्तराव पाटलांनी लिंबाच्या सावलीत साहेबांना सदतिसाव्या प्रश्नाचं उत्तर दिलं. प्रश्न होता, परिसरातली झाडं कमी होण्याची कारणं कोणती. पाटील म्हणाले, "लोकं अडानी हायेत, सायेब. तोडत्यात." पाटलांच्या दोन वीटभट्ट्या तेव्हा मागच्या माळावर धुमसत होत्या. त्या धुराकडं बघून साहेब म्हणाले, ढग येतायत वाटतं.

*

चार वाजता साहेब वस्तीत आले. तोवर धुरपताबाई रिकामीच घागर घेऊन घरी परतली होती. पाटील जरा मागं, उन्हाचं निमित्त सांगून झेंड्याच्या अलीकडंच थांबले. पंडित मास्तर कागदांची चवड धरून साहेबांच्या बरोबर.

साहेबांनी "जय भीम" म्हटलं. मोठ्यानं, आणि आजूबाजूला बघून, म्हणजे आपण म्हटलं हे सगळ्यांनी ऐकलं ना याची खात्री करून घेत. मग ते धुरपताबाईच्या दारात आले, वाकून आत शिरले, घोंगडीवर बसले आणि रुमालानं मानेवरचा घाम पुसत म्हणाले,

"आजी, पाणी मिळेल का प्यायला?"

धुरपताबाई जागच्या जागी थबकली.

तिला बावन्न वर्षं झाली होती. या बावन्न वर्षांत असला पांढऱ्या कपड्यांचा, वरच्या जातीचा माणूस तिच्या घरात बसला नव्हता आणि त्यानं तिच्याकडं पाणी मागितलं नव्हतं. तिनं आयुष्यभर पाणी मागितलं होतं. कुणी तिला मागायची ही पहिली वेळ. तिच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं. त्या घरात त्या दिवशी तेवढंच मुबलक होतं.

घागरी ठरल्याप्रमाणे पालथ्या होत्या. पण कोनाड्यात एक तांब्या झाकून ठेवला होता. सकाळी सत्यशीलानं झिऱ्यावरून आणलेल्या पाण्यातला शेवटचा, तिच्याच रात्रीच्या घोटापुरता. धुरपताबाईनं सुनेकडं पाहिलं. सत्यशीलानं मान हलवली. सासूचं तोंड इतकं उजळलेलं तिनं लग्न झाल्यापासून बघितलं नव्हतं, नाही कसं म्हणणार?

साहेब तो तांब्या एका दमात, घटाघट प्याले. थोडं हातावर घेऊन तोंडावरही मारलं. मग त्यांनी कागद काढला.

"प्रश्न चौदा. घरात पिण्यासाठी पुरेसं पाणी मिळतं का?"

आता इथंच खरं बोलायचं होतं. यासाठीच तर कट्ट्यावर सभा झाली होती. पण साहेबांच्या मिशीवर अजून थेंब होते. ज्यानं आत्ता आपल्या हातचं पाणी पिऊन आपला मान ठेवला, त्याला तोंडावर कसं सांगायचं की, बाबा, तू आमचा शेवटचा तांब्या पिलास? पाहुण्याला ठसका लागेल असं बोलायचं? धुरपताबाईची जीभ रेटेना.

"मिळतंय की, सायेब," ती म्हणाली. "लेकराबाळापुरतं मिळतंय."

पंडितच्या हातातले कागद खाली पडले.

साहेबांनी लिहून घेतलं. मग त्यांनी दारातून समोर बोट केलं. "ती विहीर?"

"गावचीच हाय, सायेब," पाटील झेंड्याजवळून म्हणाले. "एकच गाव, एकच हीर. आमच्यात तसलं काय न्हाई."

पंडितनं बोलायला तोंड उघडलं. पाटलांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. पाटील जिल्हा परिषदेच्या सभापतींचे साडू होते, आणि बदली काय कुठंही होते. पंडितनं तोंड मिटलं आणि खाली वाकून कागद गोळा करू लागला. साहेब मात्र कामाचे पक्के. ते स्वतः उठले आणि धुरपताबाईच्या उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत मोठ्यानं पावलं मोजत गेले. एकूण साठ. परत येऊन त्यांनी तेही लिहिलं, आणि निघताना हातात तांब्या धरलेल्या धुरपताबाईचा फोटो काढला.

जीप गेल्यावर पंडित म्हणाला, "आत्या, आसं कसं बोललाव तुमी?"

"आन तू कामून न्हाई बोललास?" ती म्हणाली.

त्या रात्री सत्यशीला घोटभर पाण्यावाचून झोपली आणि काही बोलली नाही. ती बोलली असती तर धुरपताबाईला बरं वाटलं असतं.

*

सव्वा महिन्यानं साहेब पुन्हा आले, ते छापील अहवालाची कच्ची प्रत घेऊन. त्या दिवशी दत्तराव पाटील गंगाखेडला गेले होते. साहेबांनी मोठ्या आनंदानं प्रत पंडितच्या हातात दिली, आणि पंडितनं ती कट्ट्यावर वाचून दाखवली.

अहवालात लिहिलं होतं की खडकाळीत प्रत्येक घरी सरासरी एक हंडा पिण्याचं पाणी शिल्लक आढळलं. हे हंडे पितळी, एकाच मापाचे असून सर्वांच्या काठाला डाव्या अंगाला पोचा आहे. ही स्थानिक कारागिरीची जुनी पद्धत असावी, तिचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. गावातली सलोख्याची भावना उल्लेखनीय. बौद्ध वस्तीपासून विहीर फक्त साठ पावलांवर. पाहुण्यानं मागताच भरला तांब्या पुढं केला जातो. खाली फोटो होता, त्यात धुरपताबाई तांब्या धरून अशी हसत होती जशी लग्नातसुद्धा हसली नसेल. फोटोखाली दोन शब्द: पुरवठा समाधानकारक.

हापसा दुसऱ्या गावाला सुचवला होता.

"यादी सोमवारी कायम होईल," साहेब म्हणाले. "तुमच्या गावाचं मात्र खरंच कौतुक आहे."

धुरपताबाईनं फोटोकडं बराच वेळ बघितलं. तिला रडू आलं नाही. राग आला, आधी स्वतःचा, मग चतुराबाईच्या हंड्याचा, मग तो पुढं सरकत सरकत योग्य ठिकाणी येऊन पोचला. सत्यशीलाचे दिवस भरत आले होते आणि ती आत्तासुद्धा झिऱ्यावरून यायचीच होती.

वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. साहेबांनी रुमाल काढला, मान पुसली आणि सवयीनं म्हणाले,

"आजी, जरा पाणी मिळेल का?"

"हाय की, सायेब," धुरपताबाई उठली. घरातून तिनं मातीची घागर आणली आणि साहेबांच्या हातात दिली. "साठ पावलांवर हाय. तुमच्याच कागदात लिवलंय. तितला दोर घ्या, शेंदा, तुमी प्या. आन मला बी एवडी भरून आना. माजे गुडघे दुकायलेत."

साहेबांना गंमत वाटली. लोकांमध्ये मिसळणारे होते ते. बाह्या सारून, घागर कमरेला लावून ते हसत निघाले. वस्ती कट्ट्यावर उभी राहिली. साठ पावलं म्हणजे काही लांब नाही. सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

विहिरीच्या काठावर दत्तरावांची आई, पार्वतीबाई, राखणीला बसली होती. साहेबांनी दोराला हात घातला तशी ती लगबगीनं उठली.

"या, सायेब, या. तुमी कशाला तरास घ्यायलाव? पर ही घागर कुनाची हाय?"

"ही? धुरपताबाईंची."

"मंग ती तिकडं लांब ठिवा. दोराला लावू नगा. समद्या गावाचा दोर हाय," म्हातारी मायेनं म्हणाली. "सिताराम, सायबाला पानी वाढ रे."

साहेब घागर घेऊन उभेच राहिले. त्यांनी एकदा म्हातारीकडं पाहिलं, एकदा घागरीकडं. मग वाकून घागर जमिनीवर ठेवली, चार पावलं लांब, अगदी तिनं बोट दाखवलं तिथं. सितारामनं पोहरा तिरपा केला. साहेब ओंजळीनं प्याले. पोटभर प्याले. त्यांना दोष द्यायचं कारण नाही, परभणीचा वैशाख होता आणि घसा पुण्याचा.

"आणि हिच्यात?" तोंड पुसत त्यांनी हळूच विचारलं.

"तिच्यात व्हय? दुपारच्याला बगू. समद्यांचं झाल्यावर. आज न्हाई झालं तर उद्या."

साहेब परत आले. येताना त्यांनी पावलं मोजली नाहीत. घागर त्यांनी उचलून आणली होती, पण हसू विहिरीवरच राहिलं होतं.

"भागली का तहान?" धुरपताबाईनं विचारलं.

"हो."

"मंग माजी घागर रिकामी कामून?"

साहेबांनी अहवालाकडं पाहिलं, जणू उत्तर तिथं सापडेल. "त्यांना मी... म्हणजे, मला कल्पना नव्हती. या फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही हो."

"मागची बाजू कोरी हाय," ती म्हणाली. "तिच्यावर लिवा. त्या दिशी मी लबाड बोलले. तुमी माज्या घरचं पानी पिलाव, त्याचा मला लय आनंद झाला, आन त्या आनंदात लबाड बोलले. तेबी लिवा. पन जे आता बगून आलाव, ते आदी लिवा."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. कट्ट्यावर बसून लिहिलं. बराच वेळ लागला; बेचाळीस प्रश्नांना लागला नव्हता एवढा. पंडितनं हात पुढं करून कागद घेतला. पाटील गंगाखेडला होते हे खरं, पण संध्याकाळी परत येणार होते आणि हे त्यांच्या कानावर जाणार होतं, हेही तितकंच खरं. तरी पंडितनं पार विहिरीवर ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"विहीर साठ पावलांवर आहे. या वस्तीला तिचं पाणी घेता येत नाही. मी स्वतः घागर नेली होती. ती रिकामी परत आणली."

पार्वतीबाईनं तिकडं पदर डोक्यावर ओढून घेतला. कट्ट्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"सही करा," धुरपताबाई म्हणाली. साहेबांनी सही केली आणि उठले. जीपच्या दिशेनं वळलेही.

"आन तिकडं कुठं निगालाव?" तिनं घागर काखेत मारली. "सून अजून आली न्हाई. मला बगायला जायाचं हाय. चला, आता झिऱ्यापस्तोर पावलं मोजा. जाताना बी आन येताना बी. येताना घागर तुमच्या डोक्यावर."

दुखऱ्या गुडघ्यांनी ती पुढं निघाली. साहेब क्षणभर जीपकडं बघत राहिले, मग तिच्यामागून चालू लागले. पंडित कागद धरून त्यांच्या शेजारी. "एक," साहेबांनी मोजायला सुरुवात केली. "दोन. तीन."

साठ झाली तेव्हा ते अजून वस्तीच्या बाहेरही पडले नव्हते.